शुगरच्या गोळीनंतरचं काम : प्रकल्प नोंदी (वणी–मारेगाव भाग, यवतमाळ जिल्हा, २०२५)

७ एप्रिल २०२५

३१ मार्चला मोहीम संपली. २० फेब्रुवारीपासून देशभर चाललेली असंसर्गजन्य आजारांची (मधुमेह, बीपी वगैरे) विशेष तपासणी. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला गाठायचं, बीपी मोजायचं, बोटाला टोचायचं. आशाताईंनी सीबॅकचे, म्हणजे आजारांचा धोका तपासणाऱ्या प्रश्नावलीचे फॉर्म भरले (फॉर्ममागे १० रुपये), सीएचओंनी (उपकेंद्राच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी) ते पोर्टलवर चढवले. आता आमच्या हातात 'रँडम १४० किंवा वर' (जेवणाची वेळ न पाहता मोजलेली साखर) आलेल्यांची यादी आहे. रकाने असे: नाव, वय, आभा (आरोग्य खात्याचा) नंबर, रीडिंग, पुढे पाठवलं का, औषध दिलं का. बस.

प्रकल्पाचं काम इथून सुरू होतं. निदान पक्कं करणं आणि औषध लिहिणं डॉक्टरांचं. गोळी जेवणाआधी की नंतर, चुकली तर काय करायचं, सुई कुठे टोचायची, चक्कर आली तर तोंडात काय टाकायचं, पाय कसा पाहायचा, हे सांगणं आणि त्या माणसाकडून करवून घेणं माझं. कार्यक्रमात यासाठी समुपदेशकाचं पद आहे, पण ते ग्रामीण रुग्णालयातल्या एनसीडी (असंसर्गजन्य आजार) क्लिनिकला. तिथे जायला एसटी, एसटीच्या वेळा आणि एक दिवसाची मजुरी लागते. म्हणून आम्ही उपकेंद्रापर्यंत उतरतो आहोत. डोस बदलायचा नाही, हा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. गावात लोक सगळ्यात आधी तेच विचारतात.

बैठकीत एक ग्रामपंचायत सदस्य म्हणाले, "ही शहराची बिमारी आहे मॅडम, इथं राबणारे लोक." त्यांना आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह अभ्यासाचा आकडा सांगितला. २०२३ साली प्रसिद्ध झाला: देशात प्रौढांमध्ये मधुमेह ११.४ टक्के, नुसत्या ग्रामीण भागात ८.९ टक्के. म्हणजे ग्रामसभेला जमलेल्या मोठ्या माणसांत साधारण दर अकरावा. सदस्य मनातल्या मनात कुणाकुणाची मोजणी करताना दिसले. बैठक संपल्यावर स्वतः हळूच मशीनपाशी आले.

२९ एप्रिल

तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे चारला गाव रिकामं होतं. ऊन चढायच्या आत पानं तोडायची, घरी येऊन ७० पानांचा एकेक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर (संकलन केंद्रावर) द्यायचा. या दिवसांत दुपारी गावात बसलं तर माणसं भेटतात, कारण सगळ्यांचे हात पुडे बांधण्यात गुंतलेले असतात आणि कान मोकळे.

एका घरात काकाजी दोन दिवस जंगलात चक्कर येऊन बसले होते. घाम, हातांना कापरं, डोळ्यांपुढे अंधारी. घरच्यांनी ऊन लागलं म्हणून कांद्याचा रस दिला, पायाला कांदा चोळला. थोड्या वेळाने आंबील प्यायल्यावर बरं वाटलं. मी गोळ्यांची पुडी मागितली. मेटफॉर्मिन ५०० आणि ग्लिमेपिराइड १.

"गोयी कधी घेता काकाजी?"

"पहाटेच घेतो न ताई, चहासंगं. मंग जंगलात जातो."

"आणि जेवण?"

"जेवण वापस आल्यावर. दहा-अकरा वाजते."

कोडं सुटलं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो की नसो. ही गोळी पहिल्या जेवणाबरोबर घ्यायची. त्यांच्या चिठ्ठीवर 'सकाळी १' असंच लिहिलं होतं आणि त्यांनी ते तंतोतंत पाळलं. वणीच्या बाजारातल्या दुकानदाराची सकाळ नाश्त्यानंतर सुरू होते. तेंदूवाल्याची सकाळ पहाटे चारला, रिकाम्या पोटी. त्याच दिवशी डॉक्टरांशी फोनवर बोलले. त्यांनी हंगामापुरती गोळी दहाच्या जेवणाशी जोडून दिली आणि महिन्याने पुन्हा बघू म्हणाले.

ऊन लागणं आणि साखर उतरणं, दोन्हींत घाम येतो, दोन्हींत गरगरतं. इथल्या उन्हाळ्यात या दोन गोष्टी एकमेकींच्या आड लपतात. मशीन जवळ असेल तर ७० च्या खाली आहे का ते पाहायचं. नसेल तर वाट पाहायची नाही. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटं सावलीत बसवायचं, मग खायला द्यायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, गाडी बोलवायची. आशाताईंना म्हटलं, शुगरची गोळी चालू असलेल्या प्रत्येक तेंदूवाल्याच्या कमरेच्या पिशवीत साखरेची पुडी पाहिजे. त्यांच्यातली एक म्हणाली, "शुगरवाल्याले साखर द्यायची? लोक हासतीन न मॅडम." हसू देत.

१५ मे

इन्सुलिनवाल्यांच्या घरभेटी. संख्या कमी, पण वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो आणि जायलाच हवा.

शेवटच्या घरात म्हातारी आई, सुई देणारा मुलगा. तिला ३०/७० चं इन्सुलिन, सकाळी २० युनिट, रात्री १२. उपाशीपोटी साखर सतत २५० च्या वर. मुलगा वैतागलेला: "मीच देतो सुई मायले, एक दिवस चुकत नाई. तरी काहून वाढते?" आदल्या महिन्यात तिला तपासणाऱ्याने डोस वाढवायचा विचार चिठ्ठीत लिहिला होता.

मी फक्त म्हटलं, भाऊ, मला करून दाखव. त्याने बाटली तळहातांत घोळवली (हे कोणीतरी नीट शिकवलं होतं), झाकण पुसलं आणि सिरिंज काढली. नारिंगी झाकणाची. सरकारी दवाखान्यातल्या लाल झाकणाच्या सिरिंजा संपल्या म्हणून त्याने शहरातून स्वतःच्या पैशाने आणलेल्या.

बाटलीवर ४० आययू (युनिट) प्रति मिली. नारिंगी झाकणाची सिरिंज १०० आययूच्या इन्सुलिनसाठी. त्या सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत भरलं की आत येतात ०.२ मिली, म्हणजे या बाटलीतले फक्त ८ युनिट. रोज सकाळी २० च्या जागी ८, रात्री १२ च्या जागी पाचाच्या आत. मुलाचं काहीच चुकत नव्हतं. डोस वाढवला असता आणि पुढे कधी दवाखान्यात तिला लाल सिरिंजने तोच वाढलेला डोस पूर्ण मिळाला असता, तर साखर धाडकन उतरली असती. उलट गोष्टही लक्षात ठेवायची: १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने भरलं तर डोस अडीचपट.

दोन्ही सिरिंजा शेजारी ठेवून, साधं पाणी भरून त्याला फरक दाखवला. तो बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिला. नंतर विचारलं, "हे दुकानदारानं काहून नाई सांगतलं?" ते मलाही विचारायचं आहे. लाल सिरिंजा त्याला लगेच दिल्या. इतके दिवस आठवर असलेल्या बाईला एकदम पूर्ण वीस जाणार, म्हणून डॉक्टरांना आधी विचारलं आणि पहिला आठवडा रोज साखर तपासायचं ठरलं.

साठवणीचं वेगळंच. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची; उघडलेली चारेक आठवडे घरात चालते, पण ते घर पंचविशी-तिशीच्या आतलं हवं. आपल्याकडे बाहेर ४५ काही नवं नाही आणि टिनाच्या घरात दुपारी काय होतं ते सांगायला नको. यांनी बाटली किराणा दुकानाच्या फ्रिजमध्ये ठेवली होती, वर बर्फाच्या कप्प्यालगत. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. ती बाटली फेकायला लावली, वाईट वाटलं. मग मोठ्या मडक्यात ओली रेती, रेतीत लहान मडकं, आत प्लास्टिकच्या डबीत बाटली, वर ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल अशा जागी. कोरड्या उन्हाळ्यात हे छान काम करतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की गारवा कमी येतो, पण तेव्हा बाहेरचंही उतरलेलं असतं.

२० जून

पेरण्या. गावात कोणी नाही, यादीतले निम्मे लोक महिन्याच्या गोळ्या न्यायला आलेच नाहीत. यावर आरडाओरडा करून उपयोग नाही. यापुढे आम्ही आठवडी बाजाराच्या दिवशी आरोग्य केंद्राच्या ओसरीत बसू. खत-बियाणं घ्यायला माणूस बाजारात येतोच.

११ जुलै

आजची नोंद जपून लिहिते, कारण ती विदर्भाबाहेरच्या प्रशिक्षणांत कुणी शिकवत नाही.

पोडावरची (आदिवासी वस्तीवरची) एक बाई, चाळिशीच्या आतली. उपाशीपोटी साखर एकदा १७८, एकदा १८४. तालुक्याच्या गावात एचबीएवनसी केली, आली ५.४. सगळे खूश, तिने गोळ्या बंद केल्या. उपकेंद्राच्या सीएचओ ताईंना हे दोन आकडे जुळेनात, म्हणून त्यांनी फोन केला. घरी जाऊन कागद पाहिले तर त्याच पिशवीत सिकलसेलचं (तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचं) कार्ड: ग्रस्त.

एचबीएवनसी ही तांबड्या पेशीला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते. सिकलसेलमध्ये पेशी फार लवकर मोडते. साखर चिकटायला तिला दिवसच मिळत नाहीत, आणि आकडा खोटा कमी येतो. ग्रस्त असेल तर एचबीएवनसीवर भरवसा ठेवायचा नाही. वाहक असेल तर प्रयोगशाळा कोणत्या पद्धतीने करते यावर अवलंबून, विचारून घ्यायचं. दोन्हींत उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहणं सुरक्षित.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं, घरोघर तपासण्या चालू आहेत. एकाच आशाताईच्या थैलीत दोन कार्यक्रमांचे फॉर्म असतात, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. आजपासून आमच्या मधुमेहाच्या यादीत नावापुढे पेन्सिलीने सिकलसेलची स्थिती लिहायची. डॉक्टर साहेब म्हणाले, पेन्सिलीने कशाला, पेनाने लिहा. बाईंच्या गोळ्या त्यांनी पुन्हा सुरू केल्या.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. आज खांदशेकणी (बैलांचे खांदे शेकायचा दिवस), त्यामुळे दुपारनंतर कोणी ऐकून घेणार नाही हे माहीत होतं; सकाळीच पायांचं शिबिर उरकलं.

शिकवायला कुष्ठरोग कार्यक्रमातून निवृत्त झालेले एक तंत्रज्ञ काका बोलावले होते. बधिर पायाबद्दल या भागात त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. इथून वरोरा जवळ. तिथल्या आनंदवनामुळे बधिर पाय, जखमा, एमसीआरच्या (सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या) मऊ चपला या गोष्टी इथल्या जुन्या आरोग्य कर्मचाऱ्यांना मधुमेहाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहेत. मधुमेही पायाच्या उपचारांतही बरंच कुष्ठरोगाकडूनच आलेलं आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर केलेलं काम पुढे मधुमेहासाठी वापरलं गेलं. मला हे फार आवडतं, पण आशाताईंना ब्रँडसाहेबांपेक्षा नायलॉनच्या तंतूत रस होता. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट: तळव्याला टेकवायचा, तो वाकेपर्यंत दाबायचा, डोळे मिटलेल्या माणसाने 'हो' म्हणायचं. काकांनी एकेकीच्या पायावर करून दाखवलं. टाचेच्या जाड कातडीवर लावायचा नाही, हेही.

एका ठिकाणी त्यांचं आणि माझं जुळलं नाही. कुष्ठरोगात कोरडे पडलेले पाय रोज अर्धा तास पाण्यात भिजवून तेल लावायला शिकवतात. मधुमेहात पाय भिजत ठेवायचे नसतात. धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तेल लावलंच तर बेचक्या सोडून. पाणी गरम आहे का ते पायाने नाही, कोपराने बघायचं. काकांनी थोडं डोकं हलवलं, मग म्हणाले, "ठीक आहे, तुमच्या पेशंटला तुमचं."

तपासणीत एक काका आले, निंदणाच्या चिखलातून थेट. उजव्या पायात चप्पल, डावा रिकामा. विचारलं तर त्यांनी खाली पाहिलं आणि चपापले. चप्पल वाटेत कुठेतरी चिखलात रुतून राहिली होती आणि त्यांना समजलंच नव्हतं. तंतू लावायच्या आधीच निदान झालं. तळव्यात तुरीच्या खुंटाची फट, आत माती. त्यांची बायको म्हणाली, "बैलाचा खूर रोज पायते हा मानूस, सोताचा पाय कधी पायला नाई." जखम धुवून पट्टी केली आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. पोळा म्हणून दोन दिवस थांबायला ते तयार होते, मी नव्हते. एमसीआरची चप्पल मिळवून द्यायची आहे. कुष्ठरोग कार्यक्रमातून मधुमेह्याला देता येईल का, यावर आज तिघांनी तीन उत्तरं दिली.

१८ सप्टेंबर

२२ ला घट बसतात. नऊ दिवस उपवास करणाऱ्या बाया यादीतून आधीच वेगळ्या काढल्या. 'उपवास करू नका' म्हटलं की त्या हो म्हणतात आणि करतात. म्हणून प्रश्न असा विचारायचा: उपवास कसा करता? एक वेळ जेवून, की नुसत्या पाण्यावर? साबुदाणा किती वेळा? त्यावर डॉक्टर गोळीची वेळ ठरवतील. नुसत्या पाण्यावर राहून ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू ठेवणं, एवढं मात्र कुणालाही चालणार नाही. साबुदाण्याऐवजी भगर-शेंगदाण्याची आमटी, ताक, हे बहुतेकींना पटतं.

याच बैठकीत जेवणाचा विषय काढला. शहरातून आलेल्या छापील तक्त्यात ओट्स आणि ब्राऊन राईस आहे. तो तक्ता भिंतीवर राहू दे. इथे रेशनवर तांदूळ आणि गहू, माणशी महिन्याला ५ किलो. ज्वारी पूर्वी प्रत्येकाच्या वावरात होती. रोही, रानडुकरं, पाखरं आणि राखणीला न मिळणारी माणसं यामुळे लोकांनी ती सोडली आणि सोयाबीन-कपाशी धरली. सोयाबीन खायची नसते, विकायची असते. मग पोटात जातो तो भात, तिन्ही वेळा, पातळ वरणाबरोबर.

उलट टोकही दिसतं. "ज्वारीची भाकर तं शुगरले चालते न?" म्हणून चार-चार भाकरी. चालते, पण भाकरीतही पिष्ट आहेच. भाताचा ढीग किंवा भाकरींची चळत कमी करून त्या जागी काय येणार, याचं उत्तर घरात सापडलं पाहिजे: घट्ट वरण, हरभऱ्याच्या घुगऱ्या, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, अंडं परवडेल तेव्हा. एका वेळी एकच बदल मागते. बहुतेकदा पहिला बदल चहाचा, कारण वेचणी-निंदणाच्या दिवसांत दिवसभर गोड चहा चालतो आणि कोणी तो खाण्यात धरत नाही.

बाजारात शुगरची जडीबुटी विकणारा बसतो. त्याच्याशी भांडत नाही; लोकांना सांगते, पुडीत काय आहे ते लिहिलेलं नसतं, आणि ती घेऊन दवाखान्याची गोळी बंद करायची नाही. जांभळाच्या बियांवर वाद घालण्यात माझं एक अख्खं सत्र गेलं असतं, ते वाचवलं.

९ ऑक्टोबर

दोन छोट्या नोंदी.

क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची साखर तपासायची आणि मधुमेह्याला खोकल्याचं विचारायचं, हे ठरलेलं आहे; मधुमेहात क्षयाचा धोका दोन ते तीन पट. एका रुग्णाची साखर क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्यावर वाढली. 'टीबीच्या गोया गरम पडल्या' म्हणून तो त्याच बंद करायच्या बेतात होता. क्षयाच्या गोळ्यांतल्या रिफॅम्पिसिनमुळे ग्लिमेपिराइडचा असर कमी होतो. दोन्ही विभागांच्या लोकांना एका बाकावर बसवून हे बोललो. डॉक्टर औषध बदलतील, क्षयाची गोळी एक दिवसही बंद होणार नाही.

गरोदर मातांची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी नीट चालू आहे (दोन तासांनी १४० किंवा वर आली की गरोदरपणातला मधुमेह). तपासणी हरवते ती बाळंतपणानंतरची. सहा आठवड्यांनी पुन्हा साखर पाहायची असते आणि तेव्हा बाई माहेरी, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. सासरच्या आशाताईने माहेरच्या आशाताईला फोन करायचा, असं ठरवलं. फोनचा खर्च कोण देणार हे ठरलेलं नाही.

१४ नोव्हेंबर

जागतिक मधुमेह दिन. इन्सुलिनच्या शोधातले फ्रेडरिक बँटिंग यांचा हा जन्मदिवस. वरून निरोप: रॅली काढा, फोटो पाठवा. काढली. शाळेची पोरं, फलक, घोषणा. फोटो गेला. नंतर ओसरीत मे महिन्यातला तो मुलगा आला होता, आईला घेऊन. तिची उपाशीपोटी साखर आज १४२. त्याने दोन नवीन इन्सुलिनवाल्यांना बाटली आणि सिरिंजवरचे आकडे जुळवून बघायला शिकवलं. माझ्यापेक्षा कमी शब्दांत शिकवलं. कुणाच्या घरात असा एक शिकलेला हात असला की पुढच्या तीन घरांचं काम होतं, पण अहवालात याला जागा नाही. 'समुपदेशन केले' या एका ओळीत पाच मिनिटांचं भाषण आणि हे, दोन्ही सारखेच मोजले जातात.

डॉक्टर साहेबांशी बोलून एका उपकेंद्राच्या नोंदवहीत हाताने आखलेले दोन रकाने सुरू केले: काय शिकवलं, आणि रुग्णाने करून दाखवलं का. दुसरा रकाना रिकामा असेल तर पहिल्यावर टिक करायची नाही. सीएचओ ताई म्हणाल्या की याने त्यांचे आकडे खाली येतील. येतील.

२४ नोव्हेंबर

वेचणी जोरात. मजुरी किलोवर असल्यामुळे बाया उन्हं उतरेपर्यंत वावरातून हलत नाहीत, म्हणून पुढच्या आठवड्यात तपासणी वावराच्या धुऱ्यावर. बोटं बोंडाच्या टोकांनी फाटलेली असतात. टोचायला करंगळीची बाजू घ्यायची, आधी हात धुवायचे, कारण बोटाला गूळ-चहा लागलेला असला तर रीडिंग उगाच चढतं. पाण्याची कॅन सोबत न्यायची.

लाल सिरिंजांचं मागणीपत्र आज पुन्हा पाठवलं, या वेळी 'इन्सुलिन सिरिंज' एवढंच न लिहिता 'यू-४०, लाल झाकण' असं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आलेल्या काकांची जखम भरली आहे. चप्पल अजून मिळालेली नाही. त्यांना सध्या जुन्या सायकलच्या ट्यूबचा पट्टा शिवून मागून बंद होणारी चप्पल करून दिली आहे, आत पातळ मऊ तळवा घालून. रोज काढल्यावर आतून हात फिरवून खडा-काटा बघायचं काम त्यांच्या नातवाकडे दिलं आहे.